पहिल्यांदाच वैचारिक अ‍ॅनिमेवर लिहिताय? 'घोस्ट इन द शेल' समोर ठेवून एकेक पायरी

चित्रपट संपलाय, डोक्यात विचारांचा गुंता झालाय, लिहावंसं वाटतंय आणि पहिल्याच वाक्याशी गाडं अडलंय, अशी तुमची अवस्था असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. जपानी दिग्दर्शक मामोरू ओशिई यांच्या १९९५च्या 'घोस्ट इन द शेल' या अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपटावर, मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख परत पाठवला होता. सोबत एकच ओळ होती : "गोष्ट कळली, चित्रपट दिसला नाही."

वाईट वाटलं. आठवडाभराने तोच लेख शांतपणे वाचला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. दोन पानं कथानक, एक पान देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ, अर्धं पान कृत्रिम बुद्धिमत्तेचं भवितव्य, आणि पडद्यावर दिसलेल्या एकाही दृश्याचं धड वर्णन नाही. अशा चित्रपटातली पात्रं खूप बोलतात, मोठमोठं बोलतात, त्यामुळे सगळा विचार त्या बोलण्यातच आहे असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. खरा विचार असतो तो एखाद्या फोटोत, पावसात, गप्प राहिलेल्या तीन मिनिटांत. तो तिथून कसा उचलायचा, हे पुढे सांगते. उदाहरण याच चित्रपटाचं घेते, कारण बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. दुसऱ्या चित्रपटालाही हीच रीत लागू पडेल.

चित्रपट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : साल २०२९. माणसांचे मेंदू थेट नेटला जोडलेले, शरीरं थोडी किंवा पूर्ण यंत्राची. त्या यंत्रात जे माणूसपण उरतं त्याला म्हणायचं 'घोस्ट'. सरकारच्या सेक्शन ९ या गुप्त पथकातली मेजर मोतोको कुसानागी हिचं शरीर संपूर्ण कृत्रिम आहे. तिचं पथक 'पपेट मास्टर' नावाच्या हॅकरच्या मागावर आहे, जो लोकांच्या मेंदूत शिरून त्यांना हवं तसं वागवतो.

आधी जवळ काय हवं

– चित्रपटाची अधिकृत प्रत, डिस्क किंवा स्ट्रीमिंग. चोरटी प्रत नको. नैतिक कारण आहेच, शिवाय तिथे रंग फिके असतात, उपशीर्षकं कुणीतरी घाईत केलेली असतात, आणि तुम्ही नेमकं त्याच दोन गोष्टींवर लिहिणार असता.
– बऱ्यापैकी हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर या चित्रपटाचा निम्मा भाग हरवतो.
– दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोंदी नकोत. सूचना येत राहतात, लक्ष उडतं.
– सलग दीड तास, निदान दोनदा. चित्रपटाची लांबी ८० मिनिटांपेक्षा थोडीच जास्त आहे.
– मोठ्यांचीच सोबत. नग्नता आणि हिंसा आहे. कार्टून समजून घरातल्या लहान मुलांना घेऊन बसू नका.

१. कोणती आवृत्ती बघताय ते तपासा

इथे फसलेले बरेच लोक मी पाहिले आहेत. मूळ चित्रपट १९९५चा. २००८ साली त्याचीच '२.०' नावाची आवृत्ती आली, तिच्यात काही दृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. २०१७चा हॉलिवूडचा, खऱ्या नटांचा चित्रपट हा तिसराच प्रकार. माझ्या ओळखीच्या एका मुलाने लेखात एक दृश्य १९९५चं म्हणून रंगवलं आणि ते निघालं २००८चं. लेख चांगला होता, पण एका चुकीने वाचकाचा विश्वास गेला.

फरक वरवरचा नाही. मूळ आवृत्तीत पपेट मास्टर बाईच्या शरीरात आहे, पण बोलतो पुरुषाच्या आवाजात. '२.०'मध्ये त्याला बाईचा आवाज दिला आहे. चित्रपटाच्या शेवटी मोतोको आणि तो एक होतात. तेव्हा तो आवाज कुणाचा आहे यावर त्या मीलनाचा अर्थ बदलतो. तुम्ही कोणता आवाज ऐकलात हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.

मूळ जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं, हा पर्याय घ्या. त्यातही एक खाच आहे. काही ठिकाणी उपशीर्षकं जपानी संवादांची नसतात, इंग्रजी डबिंगचे संवादच तिथे छापलेले असतात. पात्र दोन शब्द बोलून गप्प झालं तरी खाली लांबलचक वाक्य दिसत असेल तर शंका घ्या. अशी वाक्यं अवतरणचिन्हांत टाकून त्यांच्यावर मोठा युक्तिवाद उभा करू नका.

२. पहिल्यांदा बघताना वही बंद ठेवा

नुसता बघा. कळलं नाही तर मागे जाऊ नका. सेक्शन ६ हे सरकारचंच दुसरं खातं आणि सेक्शन ९ यांच्यातलं राजकारण पहिल्या खेपेला कुणालाच नीट कळत नाही, आणि खरं सांगायचं तर ते फार कळण्याची गरजही नाही.

संपल्यावर दहा मिनिटं काही बोलू नका, काही शोधू नका, दुसऱ्याचं मत वाचू नका. मग वही उघडून फक्त तीन गोष्टी लिहा : कोणतं चित्र डोळ्यांसमोरून जात नाही, कुठे कंटाळा आला, कुठे पोटात काहीतरी हललं. मी पहिल्यांदा लिहिलेले तीन शब्द अजून वहीत आहेत : फोटो, पाऊस, कचरेवाला.

त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवायला मला दोन वर्षं लागली. पहिल्या लेखात त्यातला एकही आला नव्हता, कारण ते पुरेसे 'तात्त्विक' वाटत नव्हते.

३. दुसऱ्यांदा बघताना दोन रकाने आखा

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे 'काय दिसलं, काय ऐकू आलं', उजवीकडे 'मला काय वाटलं'. डाव्या रकान्यात मत घुसू द्यायचं नाही. 'शहर उदास आहे' हे उजवीकडे. डावीकडे येईल ते असं : 'कालवा. बोट. वरून मोठं विमान जातं, त्याची सावली इमारतींवर. पाऊस सुरू. पिवळ्या छत्र्या.' हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे वेळ घालवलात तर पुढचं लिखाण झपाट्याने होतं.

या चित्रपटात रकाने भरायला तीन जागा उत्तम.

पहिली, सुरुवातीची श्रेयनामावली. मोतोकोचं शरीर तयार होताना दिसतं : सांगाडा, स्नायू, द्रवातून वर येणारी त्वचा. मागे केन्जी कावाई यांचं संगीत. बायकांचा समूहस्वर, संथ ढोल, घंटानाद. कावाईंनी त्यात प्राचीन जपानी शब्द आणि बल्गेरियन लोकगायनाच्या वळणाचा स्वरमेळ एकत्र आणला आहे. आणि हे गाणं आहे लग्नाचं. देव लग्नासाठी खाली उतरतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दिसतोय जन्म आणि कानावर पडतायत मंगलाष्टकं. बारशाला कुणी मंगलाष्टकं म्हटली तर आपण दचकू ना? इथेही दचकायला हवं. ज्या लग्नाची ही मंगलाष्टकं आहेत ते शेवटी लागतं, मोतोको आणि पपेट मास्टर यांचं. हीच धून मध्ये शहराच्या दृश्यात येते आणि अखेरच्या श्रेयनामावलीत पुन्हा येते. काही इंग्रजी आवृत्त्यांत शेवटी भलतंच गाणं जोडलं होतं. ते ऐकून लिहिणाऱ्याला हा धागा सापडणारच नाही.

दुसरी जागा, ते गप्प शहर. साधारण तीन मिनिटं कुणीही बोलत नाही. शहर हाँगकाँगवरून बेतलेलं : पाण्यालगतच्या जुन्या चाळीवजा इमारती, त्यांच्यामागे काचेचे मनोरे, पाट्यांची गर्दी. मोतोको बोटीतून जाते, वर बघते, तर काचेमागे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई बसलेली. पुढे दुकानाच्या काचेत पुतळे. ती काही बोलत नाही, चित्रपटही काही सांगत नाही. 'मी एकमेव आहे का?' हा प्रश्न नंतर शब्दांतही येतो, पण इथे जसा अंगावर येतो तसा तिथे येत नाही.

तिसरी जागा कचरेवाल्याची. तिच्यावर पाचव्या पायरीत सविस्तर.

एक छोटी गोष्टही टिपा : मोतोकोच्या डोळ्यांची उघडझाप. मोजून बघा. फार कमी आहे. ती बाहुली वाटते ती त्यामुळेच.

४. शब्दांशी थांबा

मराठीत लिहिणाऱ्यांचं घोडं हमखास इथे पेंड खातं. 'घोस्ट'ला काय म्हणायचं?

जपानी मूळ संवादांतही 'गोऽसुतो' असा इंग्रजीवरून घेतलेलाच शब्द आहे. जपानी भाषेत आत्म्याला शब्द नाहीत असं नाही, तरी त्यांनी उसना शब्द वापरला. म्हणजे त्यांना जुन्या शब्दाचं ओझं नको होतं. आपण 'आत्मा' लिहिलं की वाचकाच्या मनात गीता उभी राहते, 'भूत' लिहिलं की पिंपळ. दोन्हीकडे चित्रपट हातातून निसटतो. मी 'घोस्ट' तसाच ठेवते, पण एकदा तरी मराठीतला जवळचा शब्द देते : जीव. जीव लागतो, जीव वरखाली होतो, जीव भांड्यात पडतो, जीवात जीव येतो. आपला 'जीव' दर्शनांच्या पोथ्यांतही आहे, पण त्याआधी रोजच्या तोंडातला आहे, आणि तो शरीराला चिकटूनही आहे नि त्याहून वेगळाही आहे. 'शेल'ला कवच म्हणता येईल, पण माझी आजी शरीराला 'कुडी' म्हणायची. कुडीत जीव. यापेक्षा नेमकं मला सुचलेलं नाही.

'पपेट मास्टर'चं मूळ जपानी नाव 'निंग्योत्सुकाई', बाहुल्या खेळवणारा. बुनराकु या जपानी बाहुलीनाट्यातल्या कलावंतालाही असाच शब्द आहे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या आठवतात. पण तुलना करताना फरक विसरू नका. कळसूत्रीत दोऱ्या हलवणारा पडद्याआड असतो. बुनराकुत बाहुली हलवणारे प्रेक्षकांना समोर दिसत असतात, आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. चित्रपटात हा खेळवणारा आधी लपलेला असतो आणि मग हातपाय तुटलेल्या धडाच्या रूपात, दिव्याच्या उजेडात सगळ्यांसमोर येऊन राजकीय आश्रय मागतो. 'कळसूत्री' शब्द नुसता चिकटवलात तर वाचकाला हे उघडं पडणं दिसणार नाही.

५. एकच प्रश्न धरा, आणि तो साध्या मराठीत लिहा

'मानवी अस्तित्वाचा शोध' असला प्रश्न धरलात तर लेख विस्कटलाच म्हणून समजा. प्रश्न असा हवा की शेजारच्या काकांनाही विचारता यावा. माझा प्रश्न होता : आठवण खोटी निघाली तर तिच्यामुळे होणारं दुःखही खोटं का?

हा प्रश्न मला कचरेवाल्याने दिला. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा एक साधा माणूस. बायको घटस्फोट मागतेय, मुलगी भेटत नाही, म्हणून तो रस्त्यावरच्या फोनमधून बायकोच्या मनात डोकावू बघतोय, अशी त्याची समजूत आहे. जोडीदाराला मुलीचा फोटो दाखवतो, ती देवदूतासारखी हसते म्हणतो. तो पकडला जातो आणि चौकशीच्या खोलीत त्याला सांगतात : तुला बायको नाही, मुलगी नाही. वर्षानुवर्षं तू एका खोलीत एकटा राहतोस. तुझ्या डोक्यात हे सगळं कुणीतरी भरलंय. आणि फोटो? त्या फोटोत तो आहे आणि एक कुत्रा आहे. मुलगी नाहीच. तो विचारतो, हे काढता येईल का? उत्तर येतं, आठवणी पूर्ण पुसण्याची खात्री नाही.

हे दृश्य मी दुसऱ्यांदा पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत नेहमीप्रमाणे घंटागाडी आली. मी ओल्या कचऱ्याचा डबा घेऊन खाली गेले. गाडीवरच्या दादांनी डबा घेण्याआधी मोबाइल खिशात टाकला. मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमागे एका छोट्या मुलीचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला, कडा ओलाव्याने वळलेल्या. इतकी वर्षं ते रोज येतात आणि मी तो फोटो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन नव्या लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं.

तुमचा प्रश्न वेगळा असेल, असायलाच हवा. पण तो चित्रपटातल्या एका ठिकाणाला बांधलेला असू द्या. आणि लिहिताना प्रत्येक परिच्छेदानंतर विचारा : हा परिच्छेद त्या प्रश्नाशी बोलतोय का? बोलत नसेल तर तो कितीही सुंदर असो, काढा.

६. तत्त्वज्ञान मिठाइतकं

आधी नाव कुठून आलं ते बघू. 'घोस्ट इन द मशीन' हा शब्दप्रयोग ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली केला, तो देकार्तच्या मतावर टीका करण्यासाठी. शरीर हे यंत्र आणि मन हे त्यात बसलेलं काहीतरी वेगळं, ही कल्पनाच चूक आहे, असं त्यांचं म्हणणं. आर्थर केस्लर यांनी १९६७ साली तेच शब्द पुस्तकाच्या नावासाठी घेतले आणि तिथून मासामुने शिरो यांच्या मांगाकडे, म्हणजे जपानी चित्रकथेकडे, आणि मग या चित्रपटाकडे नाव आलं. म्हणून 'हा चित्रपट शरीर आणि आत्मा वेगळे मानतो' असं ठोकून देण्याआधी थांबा. नावातच त्या समजुतीविरुद्धचा युक्तिवाद आहे.

आता आपल्याकडचं. 'हे तर आपल्या अद्वैतात आहेच', हे वाक्य मी मराठी लेखांत इतक्यांदा वाचलंय की दिसलं की पान उलटते. तो बादरायण संबंध झाला. जोडायचंच असेल तर नेमक्या जागी जोडा. उदाहरण देते. समुद्रात डुबकी मारून आल्यावर मोतोको बोटीवर आपला सहकारी बातो याच्याशी बोलते. माणूस किती गोष्टींनी बनतो हे ती मोजते : चेहरा, आवाज, जाग आल्यावर दिसणारा आपला हात, लहानपणच्या आठवणी, भविष्याची चाहूल. या सगळ्यातून 'मी' तयार होते, आणि हेच सगळं मला एका मर्यादेत कोंडूनही ठेवतं, असं ती म्हणते. आता 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथातला रथ आठवा. भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात : आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? कशालाच रथ म्हणता येत नाही, सगळं मिळून जे जमतं त्याला 'रथ' हे नाव. मोजण्याची पद्धत तीच. पण नागसेनांच्या मोजणीत 'मी'ची गाठ सुटते; मोतोकोच्या मोजणीत ती आवळली जाते. तिला कोंडल्यासारखं वाटतं. हा फरक लिहिलात तर जोडणी सार्थ. साम्य दाखवून थांबलात तर नुसतं पांडित्य.

चार्वाकांचाही, म्हणजे आत्मा न मानणाऱ्या प्राचीन जडवाद्यांचाही, असाच उपयोग होतो. जसं किण्वातून, म्हणजे आंबवणातून, मद उत्पन्न होतो तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या महाभूतांच्या संयोगातून चैतन्य, असं ते म्हणत. पपेट मास्टर म्हणतो की मी माहितीच्या समुद्रात जन्मलेला जीव आहे. एक ओळ पुरे.

संदर्भांसाठी लगेच पैसे खर्च करू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. भारतीय दर्शनांवरचं एखादं मराठी पुस्तक तिथे बसून चाळा, टिपणं काढा. मूळ विचार दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत मांडता येत नसेल तर तो लेखात आणू नका.

७. जे जमलेलं नाही ते स्पष्ट लिहा

चित्रपट गाजलेला आहे म्हणून दबून जाऊ नका. समीक्षा म्हणजे आरती नव्हे.

माझे आक्षेप सांगते. पपेट मास्टर मोतोकोला समजावतो की नुसती नक्कल म्हणजे संतती नव्हे, विविधता आणि मरण असल्याशिवाय जीवन पूर्ण होत नाही. विचार चांगला आहे, पण तो व्याख्यानासारखा येतो. हाच विचार चित्रपटाने आधी फार हुशारीने सांगितलेला असतो. तोगुसा हा पथकातला जवळजवळ पूर्ण माणूस, जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर बाळगणारा. मला का घेतलंत, असं तो विचारतो. मोतोको म्हणते, सगळे एकसारखे असले की पथक कमकुवत होतं. गाडी चालवता चालवता झालेल्या त्या साध्या बोलण्यात सगळं आलं होतं. आणि उजाड संग्रहालयातल्या लढाईत रणगाड्याच्या गोळ्या भिंतीवर कोरलेल्या वंशवृक्षावर वर वर चढत जातात, जिथे माणसाचं नाव कोरलंय त्या शेंड्याकडे. एवढं दाखवल्यावर भाषणाची गरज काय?

नग्न शरीराबद्दलही लिहा, टाळू नका. श्रेयनामावलीत शरीर ही कारखान्यात तयार होणारी वस्तू आहे, तिथे ते योग्य वाटतं. रणगाड्याचं झाकण उघडताना मोतोकोचे स्नायू ताणून फाटतात, हात उखडतात. तिथे ते शरीर केवळ साधन आहे हे कळून अंगावर काटा येतो. पण इतर काही जागी बघणाऱ्याची नजर लांबते, आणि तिथे मला विचार दिसला नाही. अगदी सुरुवातीला डोक्यात खरखर का येतेय असं विचारल्यावर मोतोको सांगते, पाळी आहे. संपूर्ण कृत्रिम शरीर असलेली बाई हे म्हणते! हा विनोद, की तिचं बाईपण टिकवण्याची धडपड? लेखात मी यावर एक परिच्छेद खर्च केला आणि तो योग्य होता असं आजही वाटतं.

सगळ्यात मोठा आक्षेप कचरेवाल्याबद्दल. चौकशीनंतर तो चित्रपटातून नाहीसा होतो. मोतोकोला नवा जन्म मिळतो, अफाट नेट मिळतं. त्याला काय मिळालं? खोटी आठवण आणि रिकामी खोली. 'मी कोण' हा प्रश्न दोघांचाही होता. उत्तर शोधायची सवलत फक्त एकीला मिळाली. हे लिहिताना मला भीती वाटत होती की लोक म्हणतील, तू विषय सोडून गेलीस. तशी भीती वाटली तर समजा की तुम्हाला स्वतःचं काहीतरी सापडलंय.

८. आपलं गाव आणा, पण ओढून नको

ठाण्यात बसून जपानी चित्रपटावर लिहिताना आपलं काही आणायचं का? आणायचं, पण जिथे चित्रपटच हाक मारतो तिथे.

मला ती हाक ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये ऐकू आली. जुलैतला पाऊस होता. ठाण्याहून वाशीकडे जाताना खाडी ओलांडली की एका बाजूला खारफुटी, मध्येच जुन्या गावठाणाची कौलं आणि पुढे ऐरोली, रबाळे, घणसोलीपर्यंत काचेच्या इमारती. माझ्यासमोर एक मुलगी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून झोपली होती. त्या बोटीवरच्या संभाषणात एक वाक्य आहे : नोकरी सोडली तर हे शरीर आणि त्यातल्या आठवणी सरकारला परत कराव्या लागतील. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते भविष्यातलं वाटलं होतं. लोकलमध्ये ते आठवलं तेव्हा मला माझा शेवटचा दिवस आठवला. महापेच्या एका कंपनीत मी नऊ वर्षं होते. लॅपटॉप दिला, ओळखपत्र दिलं, आणि त्या लॅपटॉपमध्येच राहिलेल्या नऊ वर्षांच्या नोंदी दिल्या. गेटबाहेर आले तेव्हा काही मिनिटं रिक्षाला हात करायचंही सुचेना.

हे लेखात चार ओळींत आलं. चाळीस ओळींत आलं असतं तर तो माझ्याबद्दलचा लेख झाला असता.

९. गोष्ट किती सांगायची

वाचकाला रस्ता कळण्यापुरती. पहिल्या दोन परिच्छेदांत शेवट फोडू नका. फोडायचा असेल तर आधी एका ओळीत सांगा, ज्यांनी पाहिला नाही त्यांना तिथून परत जाता येईल. कथानकाला एकूण लेखाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा देऊ नका. हे प्रमाण मी स्वतःसाठी ठरवलंय आणि ते पाळलं की लेख सुधारतो.

१०. पाठवण्यापूर्वी

– नावं आणि सालं पुन्हा तपासा. ओशिई, शिरो, कावाई. चित्रपट १९९५, पुढचा भाग 'इनोसन्स' २००४. जपानी नावं सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा.
– 'अफलातून', 'अविस्मरणीय', 'मास्टरपीस' हे शब्द शोधून काढून टाका. प्रत्येकाच्या जागी एक दृश्य येतं का बघा.
– चित्रचौकटी छापायच्या असतील तर मोजक्याच घ्या. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण जिच्याबद्दल तुम्ही बोलताय तीच चौकट वापरा, सजावटीला नको. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून चित्रपट दाखवणं ही वेगळी गोष्ट, तिथे हक्कधारकाची परवानगी काढा.
– लेख दोन दिवस झाकून ठेवा. मी तो घेऊन तलावपाळीवर जाते, सकाळी गर्दी व्हायच्या आत, आणि हळू आवाजात वाचते. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य मोडते.

शेवटी, चित्रपट न पाहिलेल्या माणसाला लेख मोठ्याने वाचून दाखवा. चित्रपटवेड्या मित्राला नको. तो तुमच्या गाळलेल्या जागा स्वतःच भरतो आणि 'मस्त' म्हणतो. मी माझ्या आईला वाचून दाखवला. तिने आयुष्यात एकही अ‍ॅनिमे पाहिलेला नाही. मोतोको, पपेट मास्टर, नागसेन, सगळं तिने भाजी निवडत ऐकलं. मध्ये दोनदा हात थांबले, त्या जागांवर मी पेन्सिलीने खुणा केल्या. संपल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "मुलगी नव्हती हे समजलं गं. पण तो फोटोतला कुत्रा, तो तरी खरा होता ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चित्रपट पुन्हा लावला, त्या फोटोवर थांबवला, आणि शेवटचे दोन परिच्छेद नव्याने लिहायला घेतले.